चामुंडी टेकडी पायऱ्यांनीच चढावी

फाल्गुनात हिमालयातल्या पायवाटांवर बर्फ पायाखालून निसटतं. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर जपायचं ते उन्हापासून. म्हणून उजाडताच पायथा गाठावा. आपली मंडळी बहुधा बसने थेट वर जातात, दर्शन आटोपतात आणि वृंदावन बागेकडे धावतात. टेकडी मात्र राहूनच जाते!

हजारांहून थोड्या अधिक दगडी पायऱ्या. प्रत्येक पायरीला वाकून हळदीकुंकू लावत चढणाऱ्या बायका हमखास भेटतात. त्यांच्या गतीपुढे आपली घाई लाजते. सुमारे ७०० पायऱ्यांनंतर नंदी लागतो. १७व्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात एकाच शिळेतून कोरलेला, १५-१६ फूट उंच. गळ्यातल्या घंटांच्या माळा निवांत पाहाव्यात. मोटाररस्ता इथवर येतो, तेव्हा आजी-आजोबांना गाडीने नंदीपाशी आणावं आणि उरलेल्या तीनेकशे पायऱ्या झेपतील तशा, बसत-बसत, सोबतीने चढाव्यात. नाहीच झेपल्या, तर गाडी आहेच. वाटेत मागे वळून पाहिलं, तर खाली रेसकोर्स आणि पांढराशुभ्र ललित महाल दिसतो.

दुपारी देऊळ काही वेळ बंद असतं. गुडघे कुरकुरत असतील, तर उतरताना खुशाल बस धरावी.