जिथं गिऱ्हाईक पेपर तपासतं

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की चाकणच्या पुढं राजगुरुनगर येतं. तिथं एसटी बदलायची आणि पूर्वेकडं वळायचं. हळूहळू डोंगर मागं राहतात, झाडं खुरटी व्हायला लागतात. पाऊस कमी पडणारा मुलूख आला, हे पुस्तकात न बघताच कळतं. मग येतं पाबळ. शिरूर तालुक्यातलं गाव, पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. मोठ्या माणसांना ते मस्तानीच्या समाधीमुळं ठाऊक असतं. मी मात्र गेले होते एक शाळा बघायला. शाळा म्हणायची, कारखाना म्हणायचा की शेत, ते तुम्हीच ठरवा.

नाव आहे विज्ञान आश्रम. आश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पर्णकुटी आणि हरणाचं पाडस येतं, हो ना? इथं आधी कानावर येतो लोखंड कापल्याचा आवाज. आणि डोळ्यांना दिसतात उपडी ठेवलेल्या वाटीसारखी गोल घरं! जवळ जाऊन नीट पाहिलं की लक्षात येतं, ही घरं गोल नाहीतच. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडत जोडत हा घुमट उभा केलाय, वर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जड दगड-मातीची घरं माणसांच्या अंगावर कोसळली. त्यानंतर आश्रमात या हलक्या, भूकंपात तगून राहणाऱ्या घरांवर बरंच काम झालं. पाबळचा घुमट म्हणूनच तो ओळखला जातो.

पण त्रिकोणच का? चौकोन का नाही? मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा. सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्वची नळी आणा आणि तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. चार काडेपेटीच्या काड्या (गुल काढून टाकलेल्या, बरं का!) नळीच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. लगेच तिरका होईल. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा. दाबा, ओढा, वाकवा. काडी मोडेल, पण आकार काही बदलणार नाही. काड्या आणि व्हॉल्वच्या नळीचा हा खेळ देशभरातल्या शाळांत पोचवला तो अरविंद गुप्ता यांनी. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तीही टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवल्याबद्दल. खेळणी करून पद्मश्री! घरी ऐकवून ठेवा, उपयोगी पडेल.

विज्ञान आश्रम सुरू केला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी, १९८३ मध्ये. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले हे शास्त्रज्ञ. मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून ते पत्नीसह पाबळला येऊन राहिले. मुद्दाम दुष्काळी गाव निवडलं. इथं जे जमेल ते कुठंही जमेल, असा हिशेब. २००३ साली ते गेले, पण काम चालू आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं : माणूस हातानं काम करता करता शिकतो, तीच शिकण्याची मूळ रीत. वर्धा इथल्या परिषदेत १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्याशी याचं जवळचं नातं आहे. कलबागांनी तिला वेल्डिंग मशीनची, पुढं संगणकाची जोड दिली एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, हस्तकला आम्हालाही असते की! असते ना. मीही शिक्षिकाच आहे. कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुलं करतो, पाहुणे येतात, प्रदर्शन भरतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती फुलं कचऱ्याच्या डब्यात जातात. फुलाची पाकळी वाकडी झाली तर कुणाचं काय बिघडतं? पाबळला नेमकं इथंच वेगळं आहे. मुलं जे बनवतात ते कुणाला तरी खरोखर हवं असतं, आणि तो माणूस त्याचे पैसे मोजतो.

इथं एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा. शाळा सुटलेली मुलंही येतात, परीक्षेत नापास झालेलीही. वर्षभरात चार विभाग फिरायचे : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. ‘मला फक्त वेल्डिंग द्या’ असं चालत नाही. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाकघरात उभं राहायचं. माझ्या डोळ्यांसमोर तोंडावर काळा मुखवटा धरून एक मुलगी ठिणग्या उडवत होती. मुखवटा काढला तेव्हा कळलं, असेल तुमच्याच ताईच्या वयाची.

समजा, कुणाला पाण्याची टाकी हवी आहे, हजार लिटरची. केवढी करायची? आठवा, पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. १.२ मीटर व्यास आणि ०.९ मीटर उंची धरली तर साधारण १,००० लिटर पाणी मावतं. मग जाळी किती लागेल? सिमेंट किती? मजुरी किती लावायची? हे सगळं कागदावर मांडून गिऱ्हाइकाला किंमत सांगावी लागते. कमी सांगितली तर पदरचे पैसे जाणार, जास्त सांगितली तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार. वर्गात गणित चुकलं तर वहीवर लाल फुली येते. इथं टाकी गळते! आणि पाया आखताना काटकोन कसा साधतात ठाऊक आहे? दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांवर खुणा करून. पायथागोरसचं नाव न घेता आपले गवंडीकाका हेच करत आले आहेत. गुण्या, ओळंबा, पाणसळ ही त्यांची हत्यारं म्हणजे भूमितीचं पुस्तकच.

मला सगळ्यात आवडलं ते पाणी शोधण्याचं शास्त्र. गावाकडं विहीर किंवा बोअर घ्यायची तर हातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावतात. तुम्ही पाहिलं असेल. बोअरला खर्च किती येतो ते शेतकरी आई-बाबांना विचारा. कुणी त्यासाठी कर्ज काढतं, कुणी दावणीची जनावरं विकतं. भोक कोरडं गेलं की संपलं. आश्रमानं या कामासाठी एक वैज्ञानिक पद्धत मुलांच्या हाती दिली. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती विभवांतर मिळतं ते मोजायचं. शाळेतला ओहमचा नियम! विभवांतराला विद्युतधारेनं भागलं की रोध मिळतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण अखंड असेल तर वीज सहजी जाऊ देत नाही. पण तो भेगाळलेला असेल आणि भेगांत पाणी असेल, तर रोध उतरतो. सळया जसजशा लांब लांब ठोकाव्या तसतशी अधिक खोलवरची बातमी कळते. आकडे घेऊन आलेख काढायचा आणि मग विचार करायचा.

विचार कशाला? कारण चिकणमातीसुद्धा रोध कमी दाखवते. यंत्र ‘इथं पाणी आहे’ असं सांगत नाही, ते फक्त आकडा सांगतं. निर्णय माणसानं घ्यायचा, आणि समोर शेतकरी उभा असतो, त्याचे पैसे पणाला लागलेले असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अशा वेळी ‘काका, इथं खणू नका, आकडे पटत नाहीत’ असं म्हणता यायला हवं. मला विचाराल तर नेतृत्व म्हणतात ते हेच. आपल्याकडं मॉनिटर म्हणजे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा! पाबळला काम ज्याच्याकडं, त्याला गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, सोबत्यांना कामं वाटून द्यावी लागतात, आणि काम फसलं तर पुढं होऊन उत्तरही द्यावं लागतं.

अमेरिकेत एमआयटी नावाची प्रसिद्ध संस्था आहे. तिथले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ची कल्पना काढली. संगणकावर आराखडा काढायचा आणि यंत्रांनी तो जागच्या जागी बनवायचा, अशी ही छोटी कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब कुठं सुरू झाली असेल? टोकियो? लंडन? नाही हो, आपल्या पाबळला, २००२ साली! आज शंभराहून जास्त देशांत अशा कार्यशाळा आहेत. पाबळला तेव्हा विचार चालला होता तो दुधाची प्रत कशी तपासायची आणि डिझेल इंजिन नीट चालतंय की नाही हे कसं मोजायचं, याचा. कारण गावात दूध होतं आणि इंजिनं होती.

आता थोडं पालकांशी. तुम्ही हे वाचत असाल तर मनात येणारच, ‘ठीक आहे, पण आमच्या बाळ्यानं काय वेल्डर व्हायचं?’ होईल किंवा न होईल. इथून गेलेल्या मुलांनी फॅब्रिकेशनची दुकानं काढली, कुक्कुटपालन केलं, काहीजण पुढं शिकले, काही तर आश्रमातच शिकवू लागले. पण माझा सवाल वेगळा आहे. ‘याचं अभ्यासात डोकं नाही’ हे वाक्य आपण मुलासमोर किती सहज बोलतो! ज्या मुलाला वहीतला घनफळाचा प्रश्न सुटत नाही, तो टाकी बांधताना तो सोडवतो. मग डोकं नव्हतं की टाकी नव्हती? दर वर्षी माझ्या वर्गात असं एखादं मूल असतंच. हाताला काम मिळेपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसलेलं.

आणि यासाठी सगळ्यांनी पाबळलाच जायला हवं असं नाही. आश्रमानं हीच कामं नेहमीच्या शाळांतही नेली. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस शाळेच्या आणि गावाच्या खऱ्या कामासाठी. कोंबड्यांचं खाद्य किती आणि वजन किती वाढलं याची नोंद, मातीपरीक्षण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं, शाळेची मोडकी बाकं दुरुस्त करणं. तुमच्या शाळेत मोडकं बाक आहेच ना? तिथूनच सुरुवात करता येते. आधी माप घ्या, मग खर्च काढा, मग बाईंकडं किंवा सरांकडं जा. मोकळ्या हातानं गेलात तर ‘बघू’ म्हणतील, खर्चाचा कागद घेऊन गेलात तर निदान चष्मा तरी लावतील!

सहलीला पाबळला जायचं ठरलंच तर शाळेनं आधी पत्र पाठवून विचारावं. तिथं रोजचं काम चालू असतं. पायांत चपला नकोत, बंद बूट घाला, ठिणग्या उडतात. वेल्डिंगच्या उजेडाकडं उघड्या डोळ्यांनी अजिबात बघायचं नाही. आणि वही न्या. घुमटाखाली उभं राहून एका जोडावर किती पट्ट्या येतात ते मोजा. काही ठिकाणी पाच भरतील, काही ठिकाणी सहा. का, ते काड्या आणि व्हॉल्वच्या नळ्या घेऊन घरी बसलात की शोधा.