कच्चे लायसन्स, पक्के लायसन्स

वाहन चालवण्याच्या परवान्याला सरकारी कागदात अनुज्ञप्ती म्हणतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या बोलण्यात ते लायसन्स असते. आधी कच्चे, मग पक्के. कच्चे म्हणजे शिकाऊ, सहा महिने चालणारे. पक्के म्हणजे कायमचे समजले जाणारे, प्रत्यक्षात तेही मुदतीचेच. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्याविना सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. भारतात चालकाला परवाना लागतो तो मात्र बराच आधीपासून, १९१४ च्या कायद्यापासून. ब्रिटनमध्ये चालकाची परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ साली. म्हणजे गाडी चालवणाऱ्याने आधी गाडी चालवून दाखवावी हा विचार मोटारीच्या मानाने तसा उशिराचाच. माणसाच्या आयुष्यात हा कागद सोळाव्या वर्षाच्या आसपास येतो आणि म्हातारपणापर्यंत खिशात राहतो. दर टप्प्यावर तो काहीतरी नवे मागतो.

सोळाव्या वर्षी कायदा देतो ते फार थोडे. ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळा पूर्ण झाल्यावर, पालकांच्या संमतीने चालवता येते. पण असे इंजिन असलेली गाडी आता दुकानात जवळजवळ मिळत नाही आणि तलासरीच्या पाड्यावर ती कामाचीही नाही. तिथे घरात येते ती १०० किंवा १२५ सीसीची मोटारसायकल आणि तिच्यासाठी अठरा पूर्ण लागतात. पाडे एकमेकांपासून लांब, डोंगरउतारावर विखुरलेले. एसटीच्या फेऱ्या मोजक्या. दवाखाना, आठवडी बाजार, कनिष्ठ महाविद्यालय, सगळेच दूर. अशा घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल चालवतो तो हौसेने कमी आणि गरजेने जास्त. आजीला दवाखान्यात नेणारा घरात तोच असतो.

ही गरज खरी असली तरी कायदा इथे सूट देत नाही आणि देऊही नये. २०१९ च्या दुरुस्तीने १९९ अ हे कलम आणले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. यातली शेवटची शिक्षा सर्वांत जड आहे. अठरा ते पंचवीस या वर्षांतच इथला तरुण कामाला लागतो आणि पिकअपवरचे, टेम्पोवरचे किंवा कारखान्याच्या गाडीवरचे काम लायसन्सशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षीची एक फेरी कामाची सात वर्षे खाऊन टाकू शकते, हे पाड्यापाड्यावर कुणीतरी बसून सांगायला हवे. फलकावर लिहून ते कळत नाही.

अठरा पूर्ण झाले की कच्चे लायसन्स. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जाऊन संगणकासमोर बसावे लागे. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या ओळखीवर ही परीक्षा घरबसल्या देता येते. अर्ज सारथी या संकेतस्थळावर भरायचा. प्रश्न रस्त्याच्या चिन्हांवर, वाहतुकीच्या नियमांवर आणि चालकाच्या जबाबदारीवर असतात. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, लाल कडेचे वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ आज्ञा देते, निळा चौकोन माहिती देतो. ही चित्रांची भाषा सर्वांना सारखी आहे. प्रश्नांची भाषा तशी नाही. वारली बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पुस्तकी मराठीतले ‘मार्गाधिकार’ किंवा ‘ओलांडून पुढे जाणे’ हे शब्द थांबून वाचावे लागतात. तेच काम तो रस्त्यावर रोज बिनचूक करत असतो.

घरबसल्या परीक्षेने एक हेलपाटा वाचला, हे मोठे काम झाले. पण तिच्यात एक धोकाही आहे. मोबाइल चालवणारा एक आणि लायसन्स घेणारा दुसरा, असे होऊ शकते. नेटवर्क नाही म्हणून सायबर कॅफेत जायचे आणि तिथल्या माणसाने पटपट उत्तरे टिचकायची, यात चिन्हे शिकायची राहूनच जातात. परीक्षा जवळ आणणे आणि परीक्षा सैल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डहाणू-तलासरीला पहिलीची फार गरज आहे, दुसरीची मुळीच नाही.

कच्च्या लायसन्सवर गाडी चालवताना पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि पक्के लायसन्स असलेला शिकवणारा माणूस सोबत हवा. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरे कुणी मागे बसवायचे नाही. तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. या चाचणीला सगळीकडे ‘ट्रायल’ म्हणतात. ट्रायलला गाडी अर्जदारानेच आणायची असते, ज्या प्रकारचे लायसन्स हवे त्याच प्रकारची.

इथे अंतराचा प्रश्न येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण जिल्ह्याचे परिवहन कार्यालय त्याआधीपासूनच दक्षिण टोकाला, वसई-विरार भागात होते. एमएच ४८ हा क्रमांक त्याचा. हे कार्यालय होण्याआधी डहाणूकरांचे लायसन्स ठाण्याचे, एमएच ०४ चे असे. डहाणू रोड ते विरार हे रेल्वेने सुमारे ६४ किलोमीटर. एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल आली आणि डहाणूच्या माणसाला निदान गाडी बदलत बसायची वेळ उरली नाही. तलासरीच्या गावातून मात्र रेल्वे जात नाही. तिथल्या माणसाने आधी डहाणू किंवा उंबरगाव गाठायचे, नाहीतर महामार्गाने जायचे. तालुक्याच्या गावांना परिवहन विभागाची शिबिरे होतात. ठरलेल्या दिवशी निरीक्षक येतात, मैदानात ट्रायल घेतात. शिबिराचा दिवस हुकला की पुढच्या तारखेपर्यंत थांबायचे किंवा दूरच्या कार्यालयात जायचे.

आणि तिथे गाडी घेऊन जायची आहे. म्हणजे कच्च्या लायसन्सचा तरुण, मागे एका लायसन्सवाल्याला बसवून, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून निघतो. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला गुजरातकडून येणारे ट्रेलर, मध्येच उलट दिशेने येणारा दुचाकीवाला. हा प्रवास नीट पार पडला की मग मैदानात त्याला आठचा आकडा काढून दाखवायचा असतो. ज्याने महामार्ग पार केला त्याची खरी परीक्षा तिथे पोहोचण्याआधीच होऊन गेलेली असते आणि ती पाहायला कुणी नसते. डहाणू आणि तलासरीला कायमस्वरूपी चाचणीपथ हवा, या मागणीमागे हा धोका आहे. सोयीचा भाग त्यानंतरचा.

आठचा आकडा काढणे ही दुचाकीची ओळखीची कसोटी. पाय टेकायचा नाही, रेषेबाहेर जायचे नाही. चारचाकीला मागे घेणे, चढावर गाडी मागे न घसरता उचलणे, आरशात बघून वळणे, खुणा देणे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात ही यादी बरीच मोठी आहे. गाडी सुरू करण्याआधी आरसा आणि सीट जागेवर आणणे इथपासून, संकटकाळी गाडी थांबवणे इथपर्यंत सगळे त्यात येते. यादी उत्तम आहे. ती पूर्ण तपासायला वेळ आणि जागा लागते, आणि शिबिराच्या मैदानात रांग लागलेली असताना दोन्ही कमी पडतात. नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तीनदा नापास झाला तर साठ दिवस थांबावे लागते. फीमध्ये कच्च्या लायसन्सचे १५० रुपये, ट्रायलचे ३०० आणि पक्क्याचे २०० हे मुख्य आकडे. बाकी खर्च जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. तो फीपेक्षा जास्त होतो.

शिकणे कुठे होते? नियमानुसार मोटार शिकवणाऱ्या शाळेत हलक्या खासगी वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास हवेत. व्यावसायिक वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. डहाणूच्या बाजारपेठेत अशा गाडीवर शिकणारे दिसतात. त्यांत शिक्षिका, परिचारिका, बागायतदारांच्या घरातल्या सुनाही असतात. तलासरीच्या पाड्यावरचा मुलगा मात्र शाळेत शिकत नाही. तो आधी क्लीनर होतो. चिकूची कॅरेट भरणे, ताडपत्री बांधणे, टायर बदलणे, रात्री चालकाला जागे ठेवणे, मग एखाद्या रिकाम्या रस्त्यावर ‘घे, जरा धर’ म्हणून हातात आलेले स्टिअरिंग. या शाळेतून उत्तम चालक तयार झाले आहेत. गाडीचा आवाज ओळखणे, उतारावर गिअरने वेग धरणे हे तिथेच येते. चिन्ह वाचणे आणि लेन पाळणे तिथे येत नाही, कारण शिकवणाऱ्यालाच ते कुणी शिकवलेले नसते.

विसाव्या वर्षी कायदा पुढचा दरवाजा उघडतो. व्यावसायिक वाहनासाठी वय वीस आणि हलक्या वाहनाच्या लायसन्सचे किमान एक वर्ष. याच दरवाजावर दीर्घकाळ एक कुलूप होते : आठवी पास. नियमांतल्या आठव्या नियमाने ही अट घातली होती. ज्या भागात मुले पावसाळ्यानंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि शाळा मध्येच सुटते, त्या भागात या अटीचा अर्थ सरळ होता. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक हाताखालून गेलेला माणूस कागदावर चालक होऊ शकत नव्हता. तो एक तर बिनलायसन्सचा राही, नाहीतर खोट्या दाखल्याच्या मागे लागे. हरियाणा सरकारने मेवात भागातील लोकांसाठी ही अट शिथिल करण्याची विनंती केली आणि २०१९ मध्ये केंद्राने ती देशभरासाठीच काढली. निर्णय मेवातकडे बघून झाला, पण तलासरीला तो तितकाच लागू पडला. सरकारने त्याच वेळी प्रशिक्षणावर भर देण्याचे म्हटले होते. या भागात आता उरलेले काम ते आहे, कारण शाळेची अट काढल्यावर चालकाची परीक्षा अधिक काटेकोर व्हायला हवी.

हलक्या मालवाहू गाड्यांचा एक घोळ मात्र न्यायालयाने सोडवला. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते का, यावर वर्षानुवर्षे विमा कंपन्या भांडत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चालते असे म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तेच कायम केले. चिकू घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्याला याचा थेट उपयोग आहे. अपघातात चालकाकडे योग्य लायसन्स नसेल तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते, पण ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. २००४ च्या स्वरणसिंग खटल्यापासून ही वाट ठरली. भाताच्या एका तुकड्यावर जगणाऱ्या घरावर ही वसुली आली तर ते घर पिढीभर वर येत नाही. अवजड वाहनाला आणि प्रवासी वाहनाच्या बॅजला वेगळी वाट आहे. एसटीने २०१९ मध्ये यवतमाळच्या आदिवासी मुलींना चालक म्हणून प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. डहाणू आगाराच्या परिसरातल्या मुलींसाठी तशी तुकडी निघाली तर फार चांगले होईल.

या भागाचे आणखी एक वेगळेपण म्हणजे हद्द. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले. लोकांचे येणेजाणे त्यामुळे थांबले नाही. उंबरगाव, भिलाड, वापीच्या कारखान्यांत जाणारे कामगार रोज हद्द ओलांडतात. लायसन्स देशभर चालते, म्हणून हद्दीवरच्या अच्छाडच्या पलीकडे वेगळा कागद लागत नाही. मात्र लायसन्स काढायचे ते सहसा आपल्या राज्यातच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही परिवहन कार्यालयात अर्ज करता येतो. पलीकडचे गुजरातचे कार्यालय जवळ पडले तरी तलासरीच्या रहिवाशाला त्याचा सहसा उपयोग नाही.

  

चाळिशीनंतर लायसन्स डॉक्टरकडे पाठवते. तोवर अर्जदार स्वतःच आपली प्रकृती ठीक असल्याचे नमुना १ मध्ये लिहून देतो. चाळीस ओलांडल्यावर, आणि व्यावसायिक चालकाला कोणत्याही वयात, डॉक्टरचा नमुना १ अ लागतो. डोळे, कान, हातपाय. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा आडवा येत नाही. पुष्कळ चालकांच्या डोळ्यांची तपासणी आयुष्यात पहिल्यांदा होते ती या कागदासाठी. चष्मा लागला की रात्रीचे समोरचे दिवे का फुटल्यासारखे दिसत होते, ते तेव्हा कळते.

मुदतीचा हिशेब वयाप्रमाणे बदलतो. तिशीच्या आत काढलेले खासगी लायसन्स चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमधले दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमधले साठीपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी पाच वर्षे. व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांचे. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा ट्रायल. साठीतल्या माणसालाही मैदानात उतरावे लागते. अर्जात एक रकाना अवयवदानाचा असतो, अपघाती मृत्यू झाल्यास संमती आहे की नाही. बहुतेकांचा तो रकाना एजंट भरतो. तो वाचून दाखवून, विचारून भरला पाहिजे.

लायसन्सच्या क्रमांकात राज्य, कार्यालय आणि वर्ष असते. नूतनीकरण झाले तरी तो बदलत नाही. त्यामुळे डहाणू-तलासरीतल्या जुन्या चालकांच्या खिशात अजून एमएच ०४ ने सुरू होणारे लायसन्स आहे आणि त्यांच्या नातवंडांचे एमएच ४८ ने सुरू होते.