जुनेर आणि वाकळ

‘जुनेर’ हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. वर्गात त्याचा अर्थ विचारला, तर मुले त्याचा संबंध जुन्नर गावाशी जोडतात. वापरून मऊ झालेले, विरू लागलेले, पण अजून अंगास लावण्याजोगे असे वस्त्र म्हणजे जुनेर. त्याच्या पुढची पायरी फडक्याची, त्याच्या पुढची चिंधीची आणि सर्वांत शेवटची पोतेऱ्याची. वस्त्राच्या वार्धक्याच्या इतक्या अवस्था आपल्या भाषेने ओळखल्या, याचे कारण उघड आहे. आपल्या आया-आज्यांना त्या प्रत्येक अवस्थेत त्या वस्त्राचे काहीतरी करावयाचे असे.

बेळगावच्या शहापूर भागात आमचे बालपण गेले. शहापूर, वडगाव, खासबाग हा सारा परिसर विणकरांचा. मागांचा आवाज कानी घेतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण माग शेजारी असला म्हणून लुगडे स्वस्त होत नाही. वडील प्राथमिक शिक्षक, घरात आम्ही चार भावंडे. आईस नवे लुगडे मिळे ते वर्षाकाठी एखादे. ते आधी सणासुदीस, मग चार माणसांत जाण्यास, मग घरात, अशा क्रमाने उतरत जाई. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याचा भाग आणि पायाशी घासणारा भाग आधी विरतो. पदर आणि काठ पुष्कळ काळ टिकतात. आई धुतलेले लुगडे उजेडाकडे धरून पाही. जेथून उजेड अधिक येई, तेथे ती तांबड्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवी. ती तिची खूण असे. ‘इथं कपडा थकला,’ असे ती म्हणे. ‘फाटला’ असे म्हणत नसे.

मग दोन खुणांमधला विरलेला पट्टा कापून काढावयाचा आणि उरलेले दोन धड भाग एकमेकांस जोडावयाचे. या जोडास कोणी ‘दंड’ म्हणत, कोणी ‘दांड’. दंड घातलेले लुगडे नेसावयाचे ते असे, की जोड निऱ्यांच्या आत जावा. पुढे तेही थकले, की काठ उसवून वेगळा निघे. इरकली लुगड्याचे अंग सुती, पण पदर आणि काठ रेशमी. त्यामुळे अंग विरले तरी काठाचे तेज शाबूत असे. असाच एक काठ आमच्या दोन्ही बहिणींच्या परकरांना एकामागून एक लागला आणि पुढे देवघराच्या पडद्यास लागला. वडिलांचे मऊ पडलेले धोतर घरात येणाऱ्या बाळाकरिता राखून ठेवलेले असे. त्याची झबली, टोपडी, दुपटी आणि लंगोट होत. झबल्याची शिवण आई बाहेरच्या अंगास ठेवी, कारण बाळाच्या कातडीस टाका टोचू नये.

पुरुषांच्या कपड्यांचे शास्त्र निराळे. सदऱ्याची कॉलर मानेशी घासून फाटे, तेव्हा ती उसवून, उलटवून पुन्हा बसविली जाई. विजारीचा बैठकीचा आणि गुडघ्याचा भाग जाई, पण मांडीचे व पोटरीचे कापड चांगले राही. त्यातून मुलाची अर्धी चड्डी निघे. रंग उडालेल्या कपड्याची आतील बाजू ताजी असते, म्हणून सारे उसवून आतले अंग बाहेर घ्यावयाचे. या युक्तीत एकच अडचण असे. कपडा उलटला, की डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे जाई. चौथीत असताना आम्ही असा सदरा घालून शाळेत गेलो आणि मुलांनी तो उजवा खिसा तात्काळ ओळखला. दिवसभर चेष्टा झाली. घरी येऊन आम्ही काही बोललो नाही. आईने विचारलेही नाही. रात्री तिने तो खिसा उसवून डावीकडे शिवला. पण उजवीकडे जुन्या टाक्यांच्या भोकांची चौकट दिसू लागली. तेव्हा उरलेल्या कापडाचा आणखी एक खिसा करून तिने तो त्या चौकटीवर बसविला. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन खिशांचा सदरा आमच्या एकट्याचाच होता, आणि खडू-पेन्सिली ठेवण्यास जागा मागत मुले आमच्याभोवती जमली.

कीर्तनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आला, की आई आमच्या कानाशी लागून म्हणे, “टाकून देतात म्हणे! आधी उजेडाकडे धरून पाहिलं का?” तिच्या या शंकेस साजेसा एक प्रसंग पुढे एम.ए.च्या अभ्यासाच्या वेळी आमच्या वाचनात आला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तो आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्षू आनंदास पाचशे वस्त्रे दिली. इतक्या वस्त्रांचे हा विरक्त काय करणार, अशी शंका राजास आली आणि त्याने विचारणा केली. आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्या भिक्षूंना ती वाटू. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची बसकरे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी गेली, की ती कुटून चिखलात कालवून जमीन सारवावयाची. राजाचे समाधान झाले. आमच्या घरातील लुगडे ज्या वाटेने पोतेऱ्यापर्यंत पोहोचे, ती वाट इतकी जुनी आहे हे वाचून आम्हांस मोठे नवल वाटले. आईस ते सांगितले, तेव्हा तिला नवल वाटले नाही.

या वाटेवरचा सर्वांत सुखाचा मुक्काम म्हणजे वाकळ. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी तिला गोधडी म्हणत असतील. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या लांबीच्या चार घड्या घातल्या, की दोन मीटरांची चारपदरी वाकळ मापात तयार होते. जणू लुगडे विणतानाच कोणी तिचा हिशेब केलेला होता. खळ पूर्ण जाईतो जुनेरे धुवावयाची, जमिनीवर ताणून पसरावयाची, अधिक विरलेले तुकडे आतल्या पदरांत घालावयाचे आणि धड भाग वर व खाली घ्यावयाचे. कडा टाचून झाल्या, की काठाकडून आत, काठाकडून आत असा धावदोरा फिरवीत मध्यावर यावयाचे. प्रत्येक टाका सर्व पदरांतून गेला पाहिजे. एक पदर सुटला, तर पहिल्याच धुण्यात गोळा होतो. बेळगावच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येई, अंथरूण गार पडे, तेव्हा या वाकळांची ऊब काय असते, ते तिच्यात निजलेल्यासच ठाऊक.

शेजारच्या कन्नड मावशी या वस्तूस ‘कौदी’ म्हणत. उन्हाळ्याच्या दुपारी त्या आणि आई एकाच वाकळेच्या दोन टोकांस बसून शिवीत. एकीचे मराठी आणि दुसरीचे कन्नड दोघींनाही पुरते येत नसे. पण काम कधी अडले नाही. आमच्याच जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, तसेच लगतच्या हल्याळ आणि यल्लापूर भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रियांच्या ‘कवंदी’ रंगीबेरंगी तुकड्यांच्या असतात. त्याही काठाकडून मध्याकडे शिवीत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवितात. फुलांवाचून कवंद उघडी दिसते, अशी त्यांची समजूत. २००४ पासून तेथील स्त्रियांनी सहकाराने हे काम चालविले, आणि चिंध्यांच्या त्या कवंदी परदेशी प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या.

हे सारे सांगताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गतकाळाच्या काटकसरीचे गोडवे गाणे आम्हां पुरुषांस सोपे जाते, कारण ती काटकसर दुसऱ्या कोणाच्या तरी झोपेतून निघत असे. दिवसाचे स्वयंपाकपाणी आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, बोटात अंगुस्तान घालून आई शिवीत बसे. चाळिशीनंतर तिला सुई ओवता येईना. मग झोपण्यापूर्वी दहा सुया ओवून ठेवणे हे आमचे काम झाले. तिच्या त्या श्रमास घरात कोणी कधी श्रम म्हटले नाही. म्हणून ते दिवस परत यावेत, असे आम्ही म्हणणार नाही. त्या गरिबीचा आम्हांस मोह नाही. मोह आहे तो कपडा उजेडाकडे धरून, थकलेले कोणते आणि टिकलेले कोणते हे ओळखणाऱ्या तिच्या नजरेचा.

ती नजर मावळली, याचा दोष केवळ नव्या पिढीचा नाही. कापडच बदलले. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर आले ते टिकाऊ म्हणून. ते खरोखरच टिकाऊ आहेत. पण सुती लुगडे जसजसे जुने होई तसतसे मऊ होई, तसे यांचे होत नाही. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. त्यामुळे अशा साड्यांची वाकळ अंगावरून घसरते आणि घाम टिपीत नाही. असे कपडे मग बोहारणीकडे जाऊ लागले आणि घरात स्टीलचे डबे येऊ लागले. आता बोहारीणही क्वचितच दिसते. देशोदेशींचे टाकलेले कपडे आज हरियाणातील पानिपतास पोहोचतात. तेथे ते यंत्रांनी पिंजून त्यांचे सूत आणि ब्लँकेटे होतात. जुन्याचे नवे तेथेही होतेच. पण ते कोणाचे जुने आणि कोणासाठी नवे, हे तेथे कोणासच ठाऊक नसते.

२०१९ च्या पावसाळ्यात आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही चौघा भावंडांनी तिची ट्रंक उघडली. आत चौदा लुगडी होती, काही इरकली, काही शहापुरी. थोरली बहीण म्हणाली, “यांना कात्री लावायची नाही. आईचा वास आहे यांना. जशीच्या तशी राहू देत.” धाकटीचे म्हणणे, की ट्रंकेत ठेवली तर कसर खाईल, त्यापेक्षा वाटून घेऊ. धाकटा भाऊ गप्प होता. शब्दाने शब्द वाढला आणि थोरली बहीण उठून ओसरीवर जाऊन बसली. आमची पत्नी तोवर एकेक लुगडे झटकून घडी घालीत होती. एक लुगडे तिने सवयीने खिडकीकडे धरले आणि थांबली. त्यावर तांबडे टाके होते. मग आम्ही सर्वच लुगडी उलगडून पाहिली. चौदांपैकी नऊ लुगड्यांवर तशाच खुणा होत्या. ऐंशी ओलांडलेल्या आईने, दिसत नसलेल्या डोळ्यांनी, केव्हातरी बसून आपली लुगडी पारखून ठेवली होती. पत्नीने ते लुगडे ओसरीवर नेऊन काही न बोलता थोरल्या बहिणीच्या मांडीवर ठेवले. बहिणीने टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरविले. मग ती आत आली आणि म्हणाली, “कात्री कुठं आहे?” पहिला काप तिनेच घातला.

पाच धड लुगडी बहिणींनी आणि सुनांनी नेसावयास घेतली. खुणेच्या नवांचे चार वाटे झाले. एक वाटा कोल्हापुरास गेला, एक म्हापशास, दोन बेळगावात राहिले. आमच्या वाट्याची वाकळ २०२० च्या टाळेबंदीत पुरी झाली. शाळा बंद, दार बंद. पत्नी एका टोकास आणि आम्ही दुसऱ्या टोकास. आमचा टाका लांब पडे. पत्नी तो उसवून पुन्हा घालावयास लावी. पन्नाशीच्या मुख्याध्यापकास पहिलीच्या पोरासारखे गिरवावे लागले. चौघांपैकी कोणाची वाकळ सुबक, यावर फोनवरून वाद अजून चालू आहे.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर कार्यानुभवाच्या तासात आम्ही सुईदोरा आणला. मुलांना गणवेश शासनाकडून मिळतो. पण मूल वाढते, गणवेश वाढत नाही. दुमड सोडून लांबी वाढविणे, बटण लावणे, ठिगळ आतून लावणे, एवढेच आम्ही शिकवितो, आणि मुलगे-मुली असा भेद ठेवीत नाही. एका पालकांनी येऊन विचारले, “गुरुजी, माझ्या पोराला शिंपी करणार काय?” आम्ही म्हटले, “नाही. पण उद्या त्याच्या घरात एकट्या बाईनं रात्री जागू नये, एवढं करणार.” गृहस्थ हसले आणि गेले. मुलगा तासास येतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात, ऊन खणखणीत असताना, त्यांच्या ट्रंका-पेट्या उघडा. सुती कपडे वेगळे काढा आणि त्यांच्या शेजारी बसून एकेक कपडा उजेडाकडे धरा. कोणता कोठे थकला आहे, हे त्या सांगतील. सुई तुम्ही ओवून द्या. पहिल्या दिवशी तेवढे पुरे. दुसऱ्या दिवशी टाका तुम्ही घाला. तो लांब पडला, तर त्या उसवावयास लावतील, निमूटपणे उसवा.