परिपाठानंतरची दहा मिनिटं

आमची जिल्हा परिषदेची शाळा पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या बाजूच्या एका गावात आहे. परिपाठ झाला की मुलं वर्गात येतात, सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि दहा मिनिटं डोळे मिटून आपला श्वास बघतात. शाळा सुटण्याआधी पुन्हा दहा मिनिटं. राज्याच्या शिक्षण विभागानं २०१२ मध्ये ‘मित्र उपक्रम’ आणला, तेव्हापासून आमच्याकडे हे आनापान चालतं. मुलांना सांगायचं ते थोडंच असतं. श्वास मोठा करू नका, रोखू नका, मोजू नका. जसा येतो तसा येऊ द्या. नाकाच्या दाराशी लक्ष ठेवा, आणि मन कुठं गेलं असं दिसलं की न रागावता तिथं परत या.

मी हे सात वर्षं सांगत होते. मुलं डोळे मिटायची आणि मी तेवढ्यात हजेरी भरायची, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळवायची. एका मुलानं एकदा सांगितलं होतं, “मॅडम, आत जातानी थंडा वाटते, बाहेर येतानी गरम.” मी ‘छान’ म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे वळले.

२०१९ च्या जुलैमध्ये, ऐन रोवणीत, माझे वडील गेले. बांधीच्या धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. भावानं मला तीनदा फोन लावला. मी वर्गात होते, अपूर्णांक शिकवत होते आणि फोन मूक करून पर्समध्ये ठेवला होता. मधल्या सुटीत पाहिला.

त्यानंतर माझी झोप तुटली. रात्री दोनला जाग यायची आणि मन थेट त्या दुपारी जाऊन उभं राहायचं. फळ्यावर तीन छेद चार लिहिलेलं, पर्स खुर्चीला अडकवलेली. छाती आवळून यायची. भंडाऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. हृदयाचा आलेख ठीक निघाला, रक्तदाब मात्र वाढलेला होता. गोळी सुरू झाली आणि ती आजही सुरू आहे.

सप्टेंबरमध्ये सातवीतली एक मुलगी सुटीत जवळ आली. “मॅडम, तुमी काहून नाही डोरे मिटत?” आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्यांचे डोरे होतात. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी नागपूरजवळच्या केंद्रात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले. १९६९ मध्ये ती घेऊन ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. ते आता नाहीत, पण सूचना त्यांच्याच आवाजातल्या, ध्वनिमुद्रित. फी नाही. पहाटे चारला घंटा, दिवसभर मौन, फोन कार्यालयात जमा. पहिले तीन दिवस काम एकच, मी मुलांना देत आले तेच. नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्यामधली एवढीशी जागा, आणि तिथला श्वास.

पहिल्या दिवशी माझं लक्ष दोन-तीन श्वासांपलीकडे टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुपार आली. फळा, पर्स, भावाचा आवाज. मी त्या भरलेल्या सभागृहात आवाज न करता रडले. उठून गेले नाही, एवढंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कधीतरी नाकाखाली स्पर्श स्पष्ट कळला. आत जाताना थंड, बाहेर येताना गरम. हे एक दहा-अकरा वर्षांचं पोर मला कधीचंच सांगून गेलं होतं. त्याच्या शब्दांना मी किती घाईनं ‘छान’ म्हटलं होतं, ते तिथं आठवलं आणि फार लागलं.

शिबिरात आसनं करू देत नाहीत. दहा तास बसून माझी कंबर धरली होती. घरी आल्यावर गावातल्या एका निवृत्त गुरुजींना विचारलं. नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे. विदर्भात घरोघरी योगासनं पोचली, त्यात या मंडळाचा वाटा मोठा आहे. गुरुजी तिथं शिकलेले. पहाटे देवळाच्या सभामंडपात ते आम्हा सात-आठ बायकांना शिकवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. त्यांची शिकवण अगदी साधी होती. श्वास घेत हात वर, सोडत खाली. मार्जरासनात श्वास घेताना पाठ खाली सोडायची, सोडताना मांजरीसारखी वर उचलायची. पवनमुक्तासन, अर्धं भुजंगासन, शेवटी शवासन. आमच्यातली कुणी वाकण्याचा हट्ट करू लागली की ते म्हणायचे, “श्वास अडला का, बाई? मग तिथंच थांबायचं.” पतंजलींनी आसनाकडून स्थिरता आणि सुख एवढंच मागितलं आहे, पाय डोक्यामागं नेण्याचं त्यात कुठं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

शवासनात ते मनगटावर नाडी धरायला लावत. हळू श्वास सोडताना ठोके किंचित लांबतात, घेताना जवळ येतात. मी विज्ञान शिकवते, मुलांना नाडी मोजायला लावते, तरी हे कधी बोटाखाली अनुभवलं नव्हतं. आता सहावीच्या मुलांकडून मी ते आवर्जून करून घेते.

मार्च २०२० मध्ये शाळा आणि सभामंडप दोन्ही बंद झाले. मी घरच्या सपरीत सतरंजी टाकायला लागले. पावसाळ्यात सासूबाई रोवणीहून आल्या की त्यांना दोन पावलं सरळ चालता येईना. दिवसभर घोटाभर चिखलात वाकून पऱ्हे लावायचे, तेही मागं मागं सरकत. एका संध्याकाळी त्यांना माझ्याशेजारी झोपवलं, गुडघे छातीशी घ्यायला लावले आणि श्वास सोडत राहा म्हटलं. त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मग तशाच पडून राहिल्या, डोळे मिटून. “माय वो, दिवसभर शास घेतला का नाही, तेच नाही समजलं,” असं म्हणाल्या. त्यांच्या पाठीचं दुखणं आसनांनी गेलं नाही. मजुरी तीच, चिखल तोच. पण तेव्हापासून जेवणाआधी त्या सपरीत येऊन पडतात आणि मी शेजारी असते.

शाळा सुरू झाल्यावर मुलांना पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नेलं. देवळाखाली दोन हजार वर्षांहून जुना स्तूप आहे. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी १९६९-७० मध्ये तिथं उत्खनन केलं. सापडलेल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे, त्याचं नाव ब्राह्मीत कोरलेलं. बोधीनंतर बुद्ध ध्यानात असताना वादळ आलं, तेव्हा याच नागानं फणा धरून त्यांना पावसापासून झाकलं, अशी कथा आहे. ती सांगितल्यावर एका मुलानं विचारलं, “मंग त्याहीनं डोरे उघडले का नाही?” आपल्या गावाजवळ इतक्या मागं कुणी कुणी असं बसत असेल, या विचारानं मी बराच वेळ तिथं थांबले. मुलं टेकडी उतरून गेली होती.

आता परिपाठानंतर मीही सतरंजीवर मुलांसमोर बसते. हजेरी नंतर भरते. फोन आवाज चालू ठेवून टेबलावर असतो, मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. मागच्या आठवड्यात तो त्या दहा मिनिटांतच वाजला. उठले, बाहेर जाऊन घेतला. भावाचा होता, बांधीत पाणी भरलं आहे, रविवारी रोवणीला येतेस का म्हणून विचारत होता. येते म्हटलं. परत आले तेव्हा एकाही मुलानं डोळे उघडले नव्हते. माझा श्वास धावत होता. बसले आणि तो धावतो आहे तसाच बघत राहिले.