गिरगांव ते दादर : सायकलवरून

यंदा आमच्या घरीं नातवासाठीं सायकल आली. दादरच्या शिकवणीस तिच्यावरूनच जाण्याचा त्याचा हट्ट; सूनबाईंचा जीव मात्र टांगणीस लागलेला. अखेर, "आप्पांनीं एकदां बरोबर जाऊन रस्ता दाखवावा, मग काय तें ठरवूं," असा घरांत तह झाला. आणि एका रविवारीं सकाळीं सहा वाजतां आजा-नातू ठाकुरद्वाराहून निघालों.

पहिला पाठ दारांतच झाला. दोन्ही ब्रेक दाबून पाहावे, चाकांतली हवा अंगठ्यानें चाचपावी, घंटा वाजवून पाहावी, मागची तांबडी कांच पुसावी, हेल्मेटचा पट्टा आवळावा. इतकें केल्यावांचून पायट्यावर पाय ठेवूं नये.

गिरगांवचा रस्ता अरुंद, आणि कडेला मोटारींची रांग. नवशिका भिऊन तिला चिकटून जातो, आणि घात होतो तो तेथेंच. कारण मोटारीचें दार केव्हां उघडेल याचा नेम नसतो. उभ्या गाडीपासून दोन हात दूर राहून सरळ रेषेंत चालावें. प्रार्थना समाजावरून लॅमिंग्टन रोडनें आम्ही सात रस्त्यास आलों. येथें वळण्यापूर्वीं मागें पाहावें, हात लांब करून दिशा दाखवावी, मगच वळावें. धीर होत नसेल तर उतरून पादचाऱ्यांबरोबर सायकल हातीं धरून रस्ता ओलांडावा; त्यांत कमीपणा कसला?

चिंचपोकळीचा पूल उतरून लालबागेस आलों. येथला उड्डाणपूल २०११ सालीं झाला. पण आम्ही खालचाच रस्ता धरला. याच रस्त्यानें दादरपर्यंत ट्राम जात असे. ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. रुळांत चाक अडकून सायकलस्वार कसे पडत, हें माझे वडील सांगत. रूळ आडवे छेदावेत, हा त्यांचा नियम आज गटाराच्या लोखंडी जाळ्यांस व पुलांच्या सांध्यांस तसाच लागू आहे.

याच लालबागेंत मी नातवाला थांबविलें आणि आजवर घरीं न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. १९८६ सालीं तरुण शिक्षक असतांना, शाळेस उशीर होतो म्हणून, थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या डाव्या अंगानें मी सायकल घातली. पाटी घेऊन एक बाई उतरत होती. तिला माझा धक्का लागला. ती पडली, भाजी पसरली, आणि माझ्या पिशवींतल्या वह्याही रस्त्यावर पडल्या. मी वांकलों तो वह्यांकडे! ती बाई शांतपणें म्हणाली, "मास्तर, वह्या मागाहून गोळा करा. आधीं मला उठवा." तिचें मनगट मोडलें होतें. मीं तिला रुग्णालयांत नेलें, खर्चही दिला; पण तें वाक्य फिटलें नाहीं.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत कोणाकोणास वाट द्यावी हें सांगितलें आहे : वाहनांत बसलेला, अतिवृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें! मीं जिला पाडलें ती स्त्रीही होती आणि ओझें वाहणारीही. बसमधून माणसें डावीकडूनच उतरतात. म्हणून थांब्यावर बस उभी असेल तर तिच्यामागें थांबावें. दोन क्षण जातील, तें जाऊं द्यावे.

परळहून पुढें हिंदमाता लागतें. पावसाळ्यांत येथें पाणी तुंबतें आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाहीं. अशा वेळीं सायकल पाण्यांत घालूंच नये. पुढें दादर टी. टी. आलें. ट्राम गेली, पण ट्राम टर्मिनसचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें.

परततांना नातू पुढें, मी मागें. परळच्या थांब्यावर एक बस उभी राहिली. मी कांहीं बोललों नाहीं. नातवानें ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकला. बसमधून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत सावकाश उतरले. नातवानें घंटाही वाजविली नाहीं. ते पदपथावर चढेपर्यंत तो थांबून राहिला.

घरीं येतांच सूनबाईंनीं विचारलें, "काय ठरलें?"

मीं म्हटलें, "जाऊं द्या त्याला."