भाडं? फक्त सांजवात!

वन-आरकेचं भाडं ऐकून घाम फुटलाय? मग धामापूरला या. कुडाळ स्टेशनवर उतरायचं आणि मालवणचा रस्ता धरायचा. वाटेत तळं लागतं, थेट १५३० सालचं! दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून अडवलेलं हे पाणी आजही धामापूर-काळसेची शेती भिजवतं. २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून त्याचा गौरवही झाला. काठावर भगवतीचं देऊळ आणि गर्द झाडी. स्विमिंग पूल विसरा, बॉस!

मी महिनाभर राहायला गेले होते. जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर. भाडं विचारलं, तर शेजारच्या काकींनी चावीच हातात ठेवली. ‘‘भाडा ऱ्हवांदे. तिनसांजेक दिवो लाव, म्हणजे झाला.’’

जाम खूश झाले. मग आजूबाजूला पाहिलं, तर दोन-तीन घरांआड एकाला कुलूप. माणसं मुंबईत, वन-आरकेचं भाडं भरताहेत. कुलपं उघडणार ती चतुर्थीला!

म्हणजे माझी स्वस्ताई कुणाच्या तरी घर सोडण्यातून आलेली. त्या संध्याकाळी वात लावताना हात जरा थबकलाच.

तुमच्याही गावी असं एखादं घर असेल. चावी कुणाकडे आहे, विचारा तरी!