घड्याळ कुणाकडे?

२००२ सालची गोष्ट. सांगली सोडून बंगळूरला येऊन आम्हाला पंधरा वर्षे झाली होती. ह्यांच्या कारखान्यातला विभाग अचानक बंद पडला आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे घरी बसले. नेमकी त्याच सुमारास मला मल्लेश्वरममधल्या एका शाळेत हिंदी शिकवण्याची नोकरी लागली. सकाळी मी पर्स घेऊन निघायची आणि हे दारात उभे राहायचे. दोघांनाही ते जड जात होते.

एक दिवस हे म्हणाले, "मी संगणकाच्या नेटवर्कचं काम शिकणार. सीसीएनएची परीक्षा देणार." क्लासची फी परवडणारी नव्हती, म्हणून घरीच सराव करायचे ठरले. जुन्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी प्रसिद्ध असलेल्या एस. पी. रोडवरून ह्यांनी सिस्को २५०१ जातीचे दोन वापरलेले रूटर आणले. त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली. जेवणाच्या टेबलावर पंख्यासारखी घरघर सुरू झाली आणि आम्ही जमिनीवर पाने मांडू लागलो.

रूटर म्हणजे टपाल कचेरीतला कारकून. कोणता निरोप कोणत्या वाटेने धाडायचा, हे तो ठरवतो. दोन रूटर जोडायला जाड सिरीयल केबल होती. तिच्यातून माहितीचे कण एकामागून एक, रांगेने जातात. रांग नीट चालायला ठेका हवा. कचेऱ्यांमध्ये तो ठेका टेलिफोन लाइनच्या टोकाला बसवलेले यंत्र देते. घरात ते कुठून असणार? म्हणून दोनपैकी एका रूटरलाच ठेका धरायला सांगावे लागते.

इथेच गाडी अडली. वहीत लिहिल्याप्रमाणे ह्यांनी पहिल्या रूटरला आज्ञा दिली, त्याने ती साफ नाकारली. पडद्यावर एकच उत्तर : लाइन प्रोटोकॉल डाऊन. चार दिवस हेच चालले.

"हा रूटरच बिघडलेला दिसतोय," हे हताश होऊन म्हणाले. विकलेला माल दुकानदार परत घेणार नव्हता. शाळेतून दमून आलेली मी पटकन बोलून गेले, "घर माझ्या पगारावर चाललंय आणि तुम्ही खेळण्यांवर पैसे उडवताय!"

हे काही बोलले नाहीत. ताटावरून तसेच उठले. आमची नववीतली लेक माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी टेबल पुसताना लेक म्हणाली, "बाबा, ह्या केबलच्या एका टोकावर डीटीई लिहिलंय आणि दुसऱ्यावर डीसीई. असं का?"

ह्यांनी धावत जाऊन पुस्तक उघडले. ठेका नेहमी डीसीई टोकाच्या रूटरनेच द्यायचा असतो, आणि ते टोक होते दुसऱ्या रूटरला! ह्यांनी त्याला सेकंदाला ६४,००० कणांचा वेग नेमून दिला. दोन्ही बाजू जाग्या झाल्या. एका रूटरवरून दुसऱ्याला हाक मारली, तशी पडद्यावर ओळीने पाच उद्गारचिन्हे उमटली. पाच हाकांना पाच ओ! लेकीने टाळ्या पिटल्या.

"दोन्ही यंत्रं अगदी सारखी आहेत गं," हे मला समजावू लागले. "कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. घड्याळ कुणी सांभाळायचं, ते फक्त केबलचं टोक ठरवतं. टोकं बदलली की काम दुसऱ्याकडे."

ह्यांनी ते रूटरबद्दलच सांगितले होते. पण माझे डोळे भरून आले. "कालचं मनावर घेऊ नका," एवढेच मला बोलता आले.

दुसऱ्या प्रयत्नात हे परीक्षा उत्तीर्ण झाले. नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी, रात्रपाळीही होती. पुढे २००९ मध्ये माझ्या आजारपणामुळे मी सहा महिने अंथरुणावर होते, तेव्हा डबे, औषधे, दूधवाला, सारे ह्यांनी सांभाळले. टोके बदलली होती, इतकेच.

आज घरात फायबरची जोडणी आहे आणि असला सराव मुले संगणकावरच नकली रूटर मांडून करतात. ते दोन रूटर कधीच भंगारात गेले. केबल मात्र माळ्यावर आहे. दर दिवाळीला हे विचारतात, "ही टाकून देऊ का?" आणि मी दर वेळी नको म्हणते.